बॅटच्या कव्हरमधली नळी

निवृत्त पोलीस अधिकारी आठवणी लिहायला बसला की जुनी घटना त्याला जशीच्या तशी आठवू लागते. माझा अनुभव वेगळा आहे. साक्षीदारांना आठवड्यापूर्वीचं धड आठवत नाही, तर आम्हाला इतक्या वर्षांनी कुठून आठवणार? पण या एका प्रकरणाचा विसर पडण्याची सोय नाही, कारण दर वर्षी एकदा मला त्याची आठवण करून दिली जाते. चांगी विमानतळावर मुंबईच्या विमानासाठी मी रांगेत उभा असतो, माझा नंबर लागतो, आणि काउंटरमागची मुलगी पासपोर्ट चाळत, माझ्याकडे न बघता विचारते, "सामान तुम्हीच भरलंय ना? कोणी काही न्यायला दिलंय का?"

हे सगळं त्या प्रश्नापासूनच सुरू झालं.

मी जन्माने सिंगापूरचा. वडील तरुणपणी रत्नागिरीकडून एका जहाज कंपनीत हिशेबनीस म्हणून आले आणि इथेच राहिले. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि खेळताना मलय अशी माझी वाढ झाली. इथल्या प्रत्येक तरुणाला करावी लागणारी सक्तीची सेवा मला पोलीस दलात मिळाली आणि ती संपल्यावर मी तिथेच टिकलो. वडील मात्र शेवटपर्यंत 'मुलगा सरकारी नोकरीत आहे' एवढंच सांगत. मराठी माणसाचा मुलगा परदेशात पोलीस होतो हे समजावून सांगावं लागे, आणि त्यांना समजावण्याचा कंटाळा होता.

दोन हजारच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी विमानतळावरच्या ठाण्यात तपास अधिकारी होतो. विमानतळाचं ठाणं म्हणजे चित्तथरारक जागा असेल असं लोकांना वाटतं. आमचा दिवस हरवलेले पासपोर्ट, ट्रॉलीवरून झालेली भांडणं आणि दुकानातून अत्तराची बाटली उचलणारे अत्यंत सभ्य लोक यांच्यात जायचा. दिवाळीच्या आधीच्या एका शुक्रवारी दुपारी नियंत्रण कक्षाकडून निरोप आला. आपत्कालीन नंबरवर एका बाईचा फोन आला होता. मुंबईच्या विमानाने जाणाऱ्या एका भारतीय प्रवाशाकडे क्रिकेटच्या बॅटचं कव्हर आहे, त्यात बंदुकीचा भाग आहे. नाव न सांगता तिने फोन ठेवला. फोन बेडोकच्या एका हॉकर सेंटरबाहेरच्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजाराबाहेरच्या, सार्वजनिक फोनवरून झाला होता.

निनावी खबर आली की मी आधी ती देणाऱ्याचा विचार करतो. निनावी खबरा बहुधा देशप्रेमातून येत नाहीत. नवऱ्याशी, भागीदाराशी किंवा घरमालकाशी बिनसलेलं असतं आणि पोलिसांकडून ते फुकटात मिटवून घ्यायचं असतं. तरीही खबर बंदुकीची होती, आणि आमच्या देशात बंदूक हा थट्टेचा विषय नाही. बंदुकीचा सुटा भागही कायद्याच्या नजरेत बंदुकीच्याच पंगतीला बसतो. शिक्षा कैदेची असते, सोबत वेताच्या फटक्यांचीही.

बॅटचं कव्हर शोधायला फार वेळ लागला नाही. ते लगेजमध्ये टाकलेलं होतं आणि पट्ट्यावरून पुढे सरकत होतं. एक्स-रेच्या पडद्यावर लाकडी बॅट फिकट दिसत होती आणि तिच्या अंगाला अंग लावून एक काळीभोर सरळ नळी. कव्हर उघडलं. बॅट, मग एक जुना टॉवेल, टॉवेलात गुंडाळलेली पोलादी नळी. नवी कोरी, तेलाचा हात दिलेली. कोणीतरी मायेने बांधली होती असं म्हणायला हरकत नव्हती.

प्रवासी तिशीचा होता. पुण्याचा, सॉफ्टवेअर इंजिनियर, एम्प्लॉयमेंट पासवर आलेला, पुंगोलला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा. बहिणीच्या साखरपुड्याला निघाला होता. बायको आणि पायाशी घोटाळणारी लहान मुलगी त्याला सोडायला आल्या होत्या. आमच्या दोन शिपायांनी त्याला बाजूला घेतलं तेव्हा मुलीने त्याला विचारलं, "पपा, यू गोइंग ऑर नॉट गोइंग?"

खोलीत बसवल्यावर पहिला प्रश्न साधा होता. सामान कोणी भरलं?

"मीच."

"कोणी काही न्यायला दिलंय?"

"नाही."

"बॅट कोणाची?"

"माझी. म्हणजे, भाच्यासाठी."

मग मी टॉवेल टेबलावर ठेवून उलगडला. त्याने नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पुढे अनेकांना शिकवताना सांगत आलो. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा पकडलं गेल्यावर गोळा होतो, कारण त्याला पुढचं खोटं तयार करायचं असतं. याचा चेहरा सुटाच पडला. ही वस्तू काय आहे हेच त्याला कळत नव्हतं.

"हे काय आहे, सर? पडद्याचा रॉड?"

"रायफलीची नळी आहे," मी मराठीत म्हणालो.

मराठी ऐकून त्याचा धीर वाढेल असं मला वाटलं होतं. उलट तो रडायलाच लागला. परक्या भाषेत माणूस बराच वेळ तग धरतो.

पाणी पिऊन झाल्यावर त्याने जबाब बदलला. बॅट आपली नाही, काकांनी दिली. बेडोकला राहणारे काका. आधीच्या रविवारी इथल्या मराठी मंडळाची कोजागिरी होती, बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर. मसाला दूध झालं, गाणी झाली, आणि नेहमीप्रमाणे कोणीतरी विचारलं, "पुण्याला कोण जातंय का?" याने हात वर केला. परदेशातल्या मराठी माणसाने हा हात वर करायचा नसतो, पण सगळेच करतात. कोणाच्या आईची औषधं, कोणाच्या जावयाचा कॅमेरा. काकांनी बॅट दिली, पुण्याला त्यांचा भाचा येऊन घेऊन जाणार होता.

"उघडून पाहिली नाहीस?"

"काकांनी दिलेली वस्तू कशी उघडून बघणार? त्यांना काय वाटेल?"

"मग काउंटरवर कोणी काही दिलं नाही असं का सांगितलंस?"

"सगळे तसंच सांगतात ना, सर." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मराठी असून हे कसं विचारतो. "हो म्हटलं तर सगळी बॅग उपसतात. विमान चुकतं."

"बरं, काकांचं नाव?"

"काका," तो म्हणाला. "सगळे काकाच म्हणतात. पूर्वी बँकेत मोठ्या पोस्टवर होते. मंडळाचे अध्यक्ष आहेत." मुलीच्या जन्माच्या वेळी काकू रोज डबा घेऊन यायच्या, बेडोकहून पुंगोलला, बस बदलून, असंही त्याने सांगितलं. काकूंचं नावही त्याला माहीत नव्हतं.

मी हे सगळं माझ्या वरिष्ठांना जाऊन सांगितलं. ते चिनी होते, मितभाषी, आणि त्यांच्या टेबलावर कधी एकाहून जास्त कागद दिसत नसे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आधी म्हणाला सामान माझं. नळी निघाल्यावर म्हणतो अंकलने दिलं. आणि अंकलचं नाव माहीत नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "नेहमी एक अंकल निघतोच, ला." सिंगापुरी माणसाचं वाक्य या 'ला'शिवाय संपत नाही.

"सर, आमच्यात खरंच नेहमी एक असतो."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत आण तुझा अंकल. नंतर मला याला कोर्टापुढे उभं करावंच लागेल, आणि जबाब दोन आहेत हे मी लपवणार नाही." त्यांना आरोपी तयार मिळाला होता, मुद्देमाल हातात होता. शनिवारची सुट्टी त्यांनी मला कामाला दिली, आणि स्वतःही ऑफिसात येऊन बसले. मी त्यांचा ऋणी आहे, आणि हे मी त्यांना कधी तोंडावर बोललो नाही. बोललो असतो तर ते अवघडून खिडकीबाहेर बघत बसले असते.

त्याच संध्याकाळी दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे आमच्या शस्त्रागारातल्या तज्ज्ञाने नळी पाहिली. तो म्हणाला, ही गमतीची वस्तू आहे. बाहेरची जाडी आणि बसणीचे आटे मोठ्या मॅग्नम रायफलीच्या सांगाड्यात बसतील असे, आतली वाट मात्र साध्या शिकारी काडतुसाची. "कोणाकडे तरी मॅग्नम आहे," तो म्हणाला, "आणि तो तिला कंटाळलाय." मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं, जबर ताकदीचं काडतूस. ते हत्तीसाठी, रानरेड्यासाठी. त्याचा धक्का खांद्याला बसतो, काडतूस महाग असतं आणि अनेक देशांत मिळतच नाही. म्हणून लोक रायफल तीच ठेवून नळी बदलतात, म्हणजे ती बाजारात मिळणाऱ्या काडतुसावर चालते. ज्याला सिंगापुरात गोळी झाडायची आहे तो असली नळी घेऊन बाहेरगावी जाणार नाही. हे ऐकून माझ्या मनावरचं निम्मं ओझं उतरलं. पण कोर्ट मन बघत नाही, नळी बघतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मी त्या बाईचा फोन ऐकला. तो रेकॉर्ड झालेला असतो. इंग्रजी साधं, शब्द जपून वापरलेले, मागे भांड्यांचा आणि ऑर्डरींचा गलका. बंदूक, बॅट, मुंबईचं विमान, एवढं सांगून झाल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "द बॉय डझ नॉट नो. प्लीज राइट दॅट. द बॉय डझ नॉट नो." निरोप आमच्यापर्यंत येता येता हे वाक्य गळून पडलं होतं. मी ते तीन-चार वेळा ऐकलं. खबर देणारा माणूस शक्यतो कोणाला तरी अडकवत असतो. ही बाई एकाला सोडवत होती. आणि तिशीच्या बाप्याला ती 'बॉय' म्हणत होती. म्हणजे त्याला तिने जेवायला वाढलेलं असणार.

काकांचा पत्ता इंजिनियरच्या बायकोकडून मिळाला. मुलीला मांडीवर झोपवून ती ठाण्याच्या बाकड्यावर बसून होती. मी म्हटलं, घरी जा. ती म्हणाली, "ते जेवले का?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, "काकांना यातलं काही माहीत नसेल हो. ते किती मोठे आहेत." काकूंवर ती एवढी विसंबून होती की पहिला फोन तिने त्यांनाच करायचं ठरवलं होतं. तो उद्यापर्यंत करू नका अशी मी विनंती केली. कारण न विचारता तिने ती मानली. नवरा कोठडीत असताना अनोळखी पोलिसाचा शब्द मानणं सोपं नसतं. माझ्या आभाराच्या यादीत तिचं नाव वर आहे.

शनिवारी सकाळी मी बेडोकला गेलो. साध्या कपड्यात, सोबत एक तरुण मलय सहकारी. काकांचा कॉन्डो चांगल्या जागी होता आणि दिवाणखाना त्याहून चांगल्या अवस्थेत. भिंतीवर काकांचे सत्कार टांगलेले. शाल घेताना काका, श्रीफळ घेताना काका, पाहुण्यांच्या शेजारी काका. एका फोटोत ते दुसऱ्याचा सत्कार करत होते, तो टीव्हीच्या मागे होता. मधोमध मोठी फ्रेम, जुना काळा-पांढरा फोटो. शिकारी टोपीतले एक गृहस्थ, हातात लांब रायफल, पायाशी काहीच नाही. शिकारीचे फोटो मी बरेच पाहिले आहेत, पण शिकार नसलेला हा एकच.

काका सत्तरीचे, ताठ, घरातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी मला 'वा' म्हटलं, जसं शाळेत बक्षीस देताना म्हणतात.

"मुद्दा असा, काका," मी म्हटलं, "तुम्ही एका मुलाकडे बॅट दिली होतीत?"

"दिली होती. भाच्याच्या मुलासाठी. का?"

"त्या कव्हरमध्ये एक आक्षेपार्ह वस्तू सापडली आहे. कायद्याने बंदी असलेली."

"अरेरे." काकांनी मान हलवली. "हल्लीची ही पोरं. मी बॅट दिली. त्यानंतर त्याने आत काय कोंबलं ते त्याला विचारा. मी या देशाचा नागरिक आहे, तो पासवर आलेला. तुम्हीच विचार करा."

मी विचार केला. एका बाजूला मंडळाचे अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला काउंटरवर खोटं बोललेला, जबाब बदललेला मुलगा. हा माणूस एवढंच बोलून गप्प राहिला, तर तो मुलगा संपला होता.

त्या वेळी काकू चहा घेऊन आल्या. लहान चणीच्या, सुती साडी. त्यांनी कप ठेवले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पोरगा जेवला का काल?"

आवाज तोच होता. मी कप उचलला आणि त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांना तिथल्या तिथे विचारता आलं असतं. पण नवऱ्यासमोर बायकोला कात्रीत धरून काढलेला जबाब दुपारपर्यंत टिकत नाही, हे मी नोकरीत शिकलो होतो. "जेवला," मी म्हणालो. त्या आत गेल्या नाहीत. दाराशीच उभ्या राहिल्या.

मोठेपणाची हौस असलेल्या माणसाला प्रश्न विचारून काही मिळत नाही. प्रश्न विचारला की तो उत्तर तोलून मापून देतो. त्याच्यासमोर एखादं चुकीचं विधान करावं आणि थांबावं. सरळ माणूस चूक ऐकून सोडून देतो. याला ती सोडवत नाही.

"फोटोत वडील का तुमचे?" मी विचारलं.

काका खुलले. वडिलांना ती रायफल कोल्हापूरकडच्या एका संस्थानिकांनी भेट दिली होती. अस्सल विलायती मॅग्नम. घराण्याची शान. वडिलांनी तिने काय मारलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आता ती थोरल्या भावाच्या नावावर लायसन्सवर आहे, गावच्या घरी, दसऱ्याला झेंडूची माळ घालून पूजा होते. अर्धा कप चहा संपेपर्यंत मी ऐकत होतो. खरं सांगायचं तर मला ते ऐकायला आवडतही होतं.

"योगायोग बघा," मी म्हणालो, "आमच्या तज्ज्ञाचं म्हणणं, सापडलेली वस्तू अशाच मॅग्नमचा भाग आहे. हत्ती मारायच्या काडतुसाची नळी म्हणाला."

"तज्ज्ञ?" काका सोफ्यात पुढे सरकले. "त्याने आयुष्यात मॅग्नमच्या नळीत डोकावून पाहिलंय का? ती हत्तीची कुठे आहे? साध्या काडतुसाची आहे, आपल्याकडे सरकारी कारखान्यात होतं त्याची! मॅग्नमचं काडतूस भारतात मिळतं कुठे? म्हणूनच तर..."

ते थांबले. माझ्या सहकाऱ्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण त्यानेही वहीवरून मान वर केली. मी नळी म्हटलं होतं, ती कोणी पाहिली नव्हती. आतली वाट कशी आहे हे त्या घरात मला ठाऊक होतं आणि आणखी एकाला.

"मी अंदाजाने बोललो," काका म्हणाले.

"पुरे आता," दारातून काकू म्हणाल्या.

"तू आत जा."

"आतच होते मी इतके दिवस." त्या पुढे आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "काल फोन मी केला होता. यांच्याविरुद्ध मी बोलणार नाही. पण त्या पोराबद्दल बोलेन. तुम्ही लिहून घ्या."

"तू?" काका म्हणाले. मोठ्याने नाही.

"तुम्ही करणार नव्हता म्हणून."

पुढचं सगळं दोघांनी मिळून सांगितलं, एकमेकांना दुरुस्त करत. इतकी वर्षं लग्न टिकलेली माणसं कुठलीही हकिगत अशीच सांगतात. गावाकडे रानडुकरं शेत उकरत होती. थोरला भाऊ वैतागून म्हणाला होता, मॅग्नमला काडतुसं नाहीत, असलेली चार बिस्किटाच्या डब्यात गंजताहेत, उडवली तर डुकराआधी मीच पडेन. ही पूजेची रायफल काय कामाची? एक तर साध्या काडतुसावर करून घेऊ, नाहीतर ठाण्यात जमा करतो. काडतूस बदलायचं तर सरकारी परवानगी लागते, ती त्याने मागितलीही होती. तो सरळ माणूस होता. पण घराण्याची शान ठाण्यात जमा होणार या कल्पनेने काकांना झोप लागेना. एका जुन्या परदेशी ओळखीतून त्यांनी नळी मागवली, यंत्राच्या सुट्या भागांच्या पेटीत लपून ती आली. परवानगी येईल तेव्हा येईल, नळी आधी पोचलेली बरी, असा त्यांचा हिशेब.

शुक्रवारी सकाळी थोरल्या भावाचा फोन आला तो काकूंनी घेतला. "त्याला सांग ती नळी मुळीच पाठवू नको, परवानगी नाही आली अजून." काकूंना तेव्हा पहिल्यांदा कळलं की बॅटच्या कव्हरमध्ये काय गेलं. त्यांनी काकांना म्हटलं, पोराला फोन करा, विमानतळावरून परत बोलवा.

"मी म्हटलं, सांगितलं तर घाबरेल," काका म्हणाले. "घाबरला की पकडला जाईल. न सांगितलेलं बरं. त्याच्या भल्याचंच होतं."

"त्याच्या भल्याचं!" काकू म्हणाल्या.

त्यांनी पुंगोलच्या घरी फोन लावला, कोणी उचलला नाही, सगळे विमानतळावर निघाले होते. मोबाइल नंबर काकांच्या फोनमध्ये होता आणि फोन काकांच्या खिशात. मग त्या पिशवी घेऊन भाजीला म्हणून खाली उतरल्या. "मला वाटलं, मुंबईला पकडला तर त्याचं कोण ऐकणार? इथे निदान आधी सांगितलं तर कोणीतरी लिहून घेईल, की त्याला माहीत नव्हतं म्हणून."

कोणीही लिहून घेतलं नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. आता लिहून घेतो म्हणालो आणि घेतलं.

काकांनी आत जाऊन टाय लावायची परवानगी मागितली. मी दिली. टाय आणि ब्लेझर घालून ते बाहेर आले तेव्हा माझ्या सहकाऱ्याला हसू येईल अशी मला भीती वाटली, पण तो पोरगा समजूतदार निघाला, त्याने गाडीचं दार उघडून धरलं. निम्म्या वाटेवर काका म्हणाले, "त्याच्या बहिणीचा साखरपुडा आज होता ना?"

"हो."

"तिकडे काय कळवलं?"

"तब्येत बरी नाही म्हणून. बायकोने."

ठाण्यात त्यांनी जो जबाब दिला तो माझ्या नोकरीत ऐकलेल्या उत्तम जबाबांपैकी एक. मी भाषणाच्या तयारीने बसलो होतो. घराणं नाही, संस्थानिक नाहीत, बँकेतली वर्षं नाहीत. "नळी मी मागवली. मी बांधली. मी दिली. त्याला माहीत नव्हतं, माहीत होऊ नये अशी मी काळजी घेतली." एवढंच. वकील येईपर्यंत थांबायचा हक्क आहे हे मी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, वकील आला की वाक्यं लांबतात. या माणसाला मी सकाळपासून मनातल्या मनात हसत होतो. त्या वाक्यानंतर हसलो नाही. गप्प राहिले असते तर कदाचित वाचले असते, आणि तो मुलगा बुडाला असता. उशिरा का होईना, ते बोलले. त्याबद्दल मी त्यांचाही आभारी आहे, आणि हे त्यांना मी तोंडावर सांगितलं आहे.

माझ्या वरिष्ठांनी दोन्ही जबाब वाचले आणि कोठडीतल्या इंजिनियरला बोलावून घेतलं. काउंटरवर खोटं बोलल्याबद्दल त्यांनी त्याला जे काही सुनावलं ते मराठीत आणता येणार नाही, कारण त्यात फार थोडे शब्द होते आणि सगळं काम त्यांच्या नजरेने केलं होतं. शेवटी म्हणाले, "तुझं नशीब चांगलं, तुला आंटी भेटली." मग माझ्याकडे वळून, "अंकल खरा निघाला, ला." त्यांच्याकडून मला मिळालेली हीच शाबासकी.

मुलगा सुटला. साक्षीदार म्हणून त्याला थांबावं लागलं, साखरपुडा हुकला, पुढे लग्नाला पोचला. पास राहिला, नोकरी राहिली. काकांनी कोर्टात गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली. वय आणि कबुली पाहून कोर्टाने जमेल तेवढी दया दाखवली. नळी पाठवणाऱ्याचा धागा आम्ही त्याच्या देशातल्या पोलिसांकडे दिला. गावी थोरल्या भावाने रायफल ठाण्यात जमा केली, माळेसकट. तिथल्या जमादाराने माळ परत केली असं कळलं. मंडळाने नवे अध्यक्ष निवडले आणि त्यांचा सत्कार केला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? चुकीचं विधान करून थांबण्याची युक्ती मला आधीच येत होती. नवीन शिकलो ते हे की आमच्या लोकांत एकमेकांवरचा विश्वास भरपूर आहे, फक्त तो उघडून बघायची चाल नाही. कव्हरची चेन उघडली तर देणाऱ्याचा अपमान होतो असं घेणाऱ्याला वाटतं, आणि देणारा नेमक्या त्याच भिडेच्या आड वस्तू गुंडाळतो. तो टॉवेल तसा निरुपयोगीच होता. त्या मुलाची भीड पुरेशी होती. आणि विश्वास सांभाळला तो भीड मोडणाऱ्या बाईने. पोलीस म्हणून मी पुष्कळ शूर माणसं पाहिली, त्यांतल्या काहींना पदकंही मिळाली. भाजीची पिशवी हातात धरून सार्वजनिक फोन उचलणाऱ्या बाईला पदक द्यायची तरतूद कुठे नाही.

काका सुटून आल्यावर वर्षभराने काकूंनी मला फोन केला. पुण्याला जाताय का, असं विचारलं. इंजिनियरचं कुटुंब तोवर पुण्याला परत गेलं होतं, आणि त्या मुलीला काकूंच्या हातचे डिंकाचे लाडू हवे होते. मी बेडोकला गेलो. भिंतीवरचे सत्कार उतरवलेले होते. वडिलांचा फोटो होता. काका अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसले होते. काकूंनी डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं, वरचा कागद उचलला, लाडू एका ताटात काढून डबा उलटा करून दाखवला, आणि मग सगळे परत भरले. मी म्हटलं, अहो, याची काय गरज आहे?

"आहे," काका म्हणाले. "दोरी मी बांधतो. तुम्ही बघा."

तेव्हापासून दर वर्षी असंच चालतं. मंडळातही आता न्यायची वस्तू समोर उघडूनच देतात, आणि कोणाला काही वाटत नाही.

गेल्या वर्षी काउंटरवरच्या मुलीने नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "हो. दिलंय."

तिने पहिल्यांदाच मान वर केली. "सॉरी?"

"एक डबा. एका काकूंनी दिलाय. लाडू आहेत. भरताना मी समोर होतो."

मागे रांग वाढत होती. तिने सुपरवायझरला हाक मारायला हात उचलला, माझे पांढरे केस पाहिले, आणि पुढे वाकून हळूच म्हणाली, "अंकल, जस्ट से नो, ला. एव्हरीबडी से नो."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि डबा उघडायला घेतला. काकांची गाठ पक्की होती. ती सुटायला वेळ लागला.